दोन बोटांचा झुकाव

मित्रांनो, मी एक जुना ओळंबा आहे. हे आधीच सांगून टाकलेले बरे, कारण मला हातात घेणारे प्रत्येक मूल मला भोवरा समजते आणि दोरी गुंडाळून फरशीवर फेकायला बघते. वर गोल आणि खाली निमुळता असा मी दिसतो खरा भोवऱ्यासारखा. पण भोवऱ्याचे कौतुक तो फिरतो म्हणून, आणि माझे कौतुक मी हलत नाही म्हणून. गवंडी माझी दोरी वरून धरतो. मी खाली लोंबतो, थोडा झुलतो आणि मग स्थिर होतो. तेव्हा दोरी ज्या रेषेत असते ती रेषा सरळ. भिंत तिच्याशी जुळली तर ठीक, नाही तर पाडा आणि पुन्हा बांधा. भिंत सावकाराची असो की शेजाऱ्याची, मी कोणाची भीड ठेवत नाही.

आता ज्याचा सगळा जन्म सरळ राहण्यात गेला, तो एके दिवशी चारचौघांत वाकडा झाला तर? माझ्या बाबतीत तसे घडले आहे. त्यापायी एका भल्या माणसाचे हात कायमचे कामावरून उठायची वेळ आली होती, आणि मी खाडीच्या तळाशी जायचा राहिलो. तीच गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म कल्याणचा. तिथल्या एका तांबटाने पितळेचा रस मातीच्या साच्यात ओतला, थंड झाल्यावर मला बाहेर काढले, कानशीने घासले आणि शेवटी माथ्यावर दोरीसाठी भोक पाडायला बसला. तो बराच वेळ नुसता बघत होता. भोक मध्यापासून जरासे जरी सरकले तरी ओळंबा तिरका लोंबतो, आणि मग तो जन्मभर खोटी साक्ष देतो. माझे भोक बरोबर मध्यावर पडले. तांबटाने समाधानाने पानाची पिंक टाकली, आणि माझ्या आयुष्याला सुरुवात झाली.

मला विकत घेतले ते सिल्वेस्टर मेस्त्रीने. हा ठाण्याचा ख्रिस्ती गवंडी. ठाण्याला पहिली आगगाडी आली तेव्हा म्हणे तो आईच्या कडेवर होता आणि इंजिनाची शिट्टी ऐकून त्याने आकांत मांडला होता. मी त्याच्या हाती आलो तेव्हा मात्र तो चांगला बाप्या गडी होता. एरवी तो कोणाच्या अध्यात नसे की मध्यात नसे. पण भिंतीचा विषय निघाला की त्याची मान ताठ होई. त्याचा जोडीदार धोंडीबा पाथरवट. धोंडीबाने दगड घडवायचा आणि सिल्वेस्टरने तो चुन्यात बसवायचा. धोंडीबाची छिन्नी जितकी धारदार, तितकीच त्याची जीभ.

या दोघांमुळे माझी चंगळ होती. दसऱ्याला धोंडीबा माझ्या कपाळी कुंकू लावी, आणि देवळाच्या, म्हणजे त्यांच्या चर्चच्या, सणाला सिल्वेस्टर माझ्यावर पाद्रीबाबांकडून पाणी शिंपडून आणी. मला जमिनीवर ठेवायचे नाही, चुकून पाय लागला तर कपाळाला लावायचे, असे त्यांचे नियम होते. पण सगळ्यांत कडक नियम सिल्वेस्टरचा स्वतःचा होता. ओळंबा सोडला की तो पुरता थांबेपर्यंत कोणी अवाक्षर काढायचे नाही. कोणी घाईने “वाकडी हाय” किंवा “सरळ हाय” म्हणाले की तो डोळे वटारी. “त्याला थांबू दे,” एवढेच म्हणे. मला हा नियम फार आवडे. जगात असे किती जण आहेत, की ज्यांचे बोलणे पुरे होईपर्यंत माणसे गप्प बसतात?

अशी वर्षे गेली. आम्ही ठाण्यात घरे बांधली, विहिरी बांधल्या, तळ्याच्या पायऱ्या बसवल्या. मग एक दिवस आमच्याकडे रेल्वेचे काम आले.

मुंब्रा सोडून गाडी कल्याणकडे निघाली की खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीच्या, कडेला एक नाला लागे. आम्ही त्याला वाघोबाचा नाला म्हणायचो. त्यावरचा जुना पूल पावसाने खिळखिळा झाला होता. नव्या पुलाचा मधला दगडी खांब सिल्वेस्टरच्या टोळीकडे आला. ते काम मी कधी विसरणार नाही. खाडीवरचा वारा असा, की मला स्थिर राहू देईना. मग सिल्वेस्टरने युक्ती काढली. खाली पाण्याची बादली ठेवली आणि मला त्यात बुडवून लोंबवले. पाण्यात झुलणे लवकर थांबते. दगडाचा प्रत्येक थर बसला की मी बादलीत, आणि सगळे चिडीचूप. खांब पुरा झाला तेव्हा त्याच्या चारही बाजूंनी मी सरळ उतरलो. सिल्वेस्टरने खांबावर हात ठेवला आणि तो कितीतरी वेळ काढलाच नाही.

काही दिवसांनी नव्या पुलावरून गाड्या जाऊ लागल्या. सिल्वेस्टरची बायको सेसिलिया मळ्यातली वांगी आणि केळी घेऊन कल्याणच्या बाजाराला आगगाडीने जात असे. एका सकाळी सिल्वेस्टर आणि धोंडीबाही तिच्याबरोबर निघाले. समोरच्या बाकावर नौपाड्याचे अण्णा मास्तर बसले होते. ते ठाण्याच्या शाळेत शिकवत आणि अधूनमधून कल्याणला लेकीकडे जात. मुंब्रा गेले, आणि सिल्वेस्टरला राहवेना. त्याने पिशवीतून मला बाहेर काढले, खिडकीच्या चौकटीला वर एक खिळा होता त्याला माझी दोरी बांधली, आणि कधी नव्हे ती फुशारकी मारली.

“बघा आता,” तो डब्याला म्हणाला. “माझ्या खांबावरून गाडी जाईल तेव्हा हा केसभर हलायचा नाय.”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. गाडीच्या हादऱ्यांनी मी थोडा थरथरत होतो, पण एकंदरीत चौकटीला धरून सरळ होतो. मला आत्मविश्वास होता. नाला जवळ आला. आणि मित्रांनो, मला कोणी हात लावला नाही, वारा लागला नाही, तरीही मी हळूहळू पुढे, कल्याणच्या दिशेने सरकलो. माझी दोरी वर चौकटीला चिकटलेली आणि खाली तिच्यापासून चांगली दोन बोटे सुटलेली. मी मागे यायचा जीव तोडून प्रयत्न केला, पण येईना.

“मेस्त्री,” धोंडीबा म्हणाला, “तुमचा खांब कल्याणला चाललाय का बाजार करायला?”

डबा हसला. सिल्वेस्टरचा चेहरा पडला. त्याने झटकन मला मुठीत धरले, दोरी खिळ्यावरून ओढून काढली आणि मला पिशवीत कोंबले. पिशवीच्या अंधारात मी लाजेने मेल्यासारखा झालो. पण खरे सांगायचे तर लाजेइतकेच मला नवलही वाटत होते. मला ओढले कोणी?

संध्याकाळी परतताना सिल्वेस्टरने पुन्हा मला टांगले. चांगला गवंडी एकाच बाजूने तपासून थांबत नाही. भिंत दोन्ही अंगांनी बघावी, हा त्याचा धडा होता. या वेळी गाडी कल्याणकडून येत होती. नाला जवळ आला, आणि मी पुन्हा पुढे झुकलो. म्हणजे या खेपेला ठाण्याकडे. ठाण्याकडून गेलो तरी पुलाकडे झुकलो, कल्याणकडून आलो तरी पुलाकडेच. सिल्वेस्टरने मला पुन्हा मुठीत दाबले.

त्याच्या मनात काय आले, ते मला कळत होते. दोन्ही बाजूंनी डबा पुलाकडे कलत असेल, म्हणजे रूळ तिकडे उतरत असतील, तर मधला खांब खचला आहे.

दुसऱ्या दिवशी तो पायी नाल्यावर गेला. मला खांबाला लावले. मी सरळ उतरलो. माझा जीव भांड्यात पडला, पण त्याचा पडला नाही. “आता सरळ हाय,” तो स्वतःशीच म्हणाला, “गाडीचं वजन पडलं की बसत असंल खाली.” यावर मी काय बोलणार? गाडी खांबावर असताना मी नेमका त्याच्या मुठीत असे.

त्यानंतर त्याने दुसरे काम धरले नाही. थापीला हात लावला नाही. दोन-तीनदा गाडीत बसून गेला, नाला जवळ आला की मला टांगले, मी झुकलो की मुठीत धरले. प्रत्येक खेपेला तेच. शेवटी एका रविवारी देवळातून आल्यावर तो ओट्यावर बसला आणि मला समोर धरून म्हणाला, “एक तर तू खोटा, नाय तर मी.”

सेसिलिया वांगी निवडत होती. तिने मान वर केली.

“उद्या रेल्वेच्या साहेबाला सांगतो,” तो म्हणाला. “खांब पाडा म्हणून. आणि मी मेस्त्रीपण सोडतो. ह्याला टाकतो खाडीत.”

“कोणाला इचारलंत?”

“कोणाला इचारू? तू रोज त्या खांबावरून जातेस गो. काय झालं तर?”

सेसिलियाने हातातले वांगे खाली ठेवले आणि म्हणाली, “तो झुकतो त्या जागेला माझी टोपली पण पुढे सरकते. मना ठावं हाय. पायानं धरून ठेवावी लागते.”

“बघ. मी काय बोललो?”

“पन ती मुंब्र्याला पण सरकते. गाडी उभी राहताना. आणि सुटताना मागे सरकते. मग मुंब्रा पण खचलं का?”

सिल्वेस्टर तिच्याकडे बघतच राहिला. मीही बघितले असते, पण ओळंब्याला मान वळवता येत नाही. मला मात्र एकदम आठवले, की मुंब्र्याला मी प्रत्येक वेळी पिशवीत होतो. मला नाल्यापुरतेच बाहेर काढले जात होते. ज्या जागेची भीती होती, तेवढीच जागा त्याने तपासली होती.

योगायोग असा, की त्याच दुपारी अण्णा मास्तर आमचे घर शोधत आले. मी झुकल्यापासून त्यांना चैन पडत नव्हते. त्यांना खांबाची काळजी नव्हती, कोडे सुटत नाही याची होती. त्यांनी ओट्यावर बसकण मारली, मेस्त्रीचा बेत ऐकून घेतला आणि आपले उत्तर सांगून टाकले.

“मेस्त्री, माझा तर्क असा. गाडी जितकी जोरात, तितका ओळंबा जास्त झुकत असणार. तुमच्या पुलाजवळ रूळ नवे आहेत, तिथे गाडी जोरात धावत असेल. त्याचा आणि खांबाचा काही संबंध नाही.”

सेसिलिया म्हणाली, “मास्तर, टोपली तर थांबताना सरकते.”

“थांबताना?” अण्णांनी पगडी काढून मांडीवर ठेवली. “मग माझा तर्क चुकीचा असेल. बघायला हवे. मेस्त्री, हा ठाण्यापासून कल्याणपर्यंत एकदा तरी सलग टांगलेला होता का?”

“नाय.”

“मग उद्या टांगू. साहेबाकडे नंतर जा. आणि तो थांबेपर्यंत बोलायचे नाही, असा तुमचाच नियम आहे ना? धोंडीबा सांगत होता.”

सिल्वेस्टरने खाली बघितले. स्वतःचाच नियम आपण मोडला, हे त्याला तेव्हा उमगले असावे. “पण खांब खचलेला निघाला, तर मी तसाच साहेबाकडे जानार,” तो म्हणाला. अण्णांनी मान डोलावली.

सोमवारी सकाळी आम्ही ठाण्याहून निघालो. सिल्वेस्टर, सेसिलिया, धोंडीबा आणि अण्णा मास्तर. गाडी सुटायच्या आधीच मला खिळ्याला टांगले. हादऱ्यांनी मी झुलू नये म्हणून सेसिलियाने आपला पाण्याचा तांब्या माझ्याखाली धरला आणि मला त्यात सोडले. गाडी उभी होती. मी सरळ होतो. चौघेही गप्प.

शिट्टी झाली. गाडीने हिसका दिला आणि ती हळूहळू जोर धरू लागली. मी मागे झुकलो, दोन बोटे. तांब्यातले पाणीसुद्धा मागच्या काठाला चढले. अण्णांनी डोळे बारीक केले. ते खिडकीबाहेर तारेचे खांब बघत मनातल्या मनात आकडे म्हणत होते. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत किती आकडे होतात, यावरून त्यांना गाडी किती जोरात आहे ते कळत होते. आकडे कमी कमी होत गेले, म्हणजे गाडी जास्त जास्त जोरात धावू लागली. मग आकडे तेवढेच राहू लागले. गाडीने आपली पुरी चाल धरली होती. खाडी भराभर मागे जात होती, वाऱ्याने सेसिलियाचा पदर उडत होता.

आणि मी? मी सरळ उभा होतो. अगदी घराच्या भिंतीला लावल्यासारखा.

“गाडी इतक्या जोरात,” अण्णा पुटपुटले, “आणि हा बघा कसा उभा आहे. गेला माझा तर्क.” पण त्यांच्या आवाजात दुःख नव्हते. लहान मुलाला नवे खेळणे मिळावे तसे त्यांचे तोंड झाले होते.

मग डोंगर आला. रूळ त्याच्या पायथ्याने वळसा घेत होते. अण्णांचे आकडे बदलले नाहीत, गाडीची चाल तीच होती. तरी मी बाजूला, खाडीच्या अंगाला झुकलो, आणि वळण संपल्यावर पुन्हा सरळ झालो.

मुंब्र्याला गाडी थांबत आली तेव्हा मी पुढे झुकलो. सेसिलियाने नुसते सिल्वेस्टरकडे बघितले. सुटताना मागे झुकलो. तिने पुन्हा बघितले.

आणि मग नाला आला. गाडी सावकाश होऊ लागली, मी पुढे झुकलो, दोन बोटे. त्याचा हात आपोआप माझ्याकडे आला.

“थांबू दे त्याला,” सेसिलिया म्हणाली.

त्याचा हात तसाच हवेत राहिला. गाडी हळू झाली, आणखी हळू झाली, आणि मग त्याच सावकाश चालीने पुलावर चढली. मी मागे येऊ लागलो. एक बोट. अर्धे बोट. खाली नाल्याचे पाणी दिसत होते, सगळ्या गाडीचा भार मधल्या खांबावर आला होता, आणि मी चौकटीला धरून सरळ उभा होतो. पूल संपेपर्यंत मी हललो नाही.

पूल ओलांडल्यावर गाडीने पुन्हा जोर धरला आणि मी मागे झुकलो. पण तिकडे आता कोणी बघत नव्हते. सिल्वेस्टर खिडकीबाहेर डोके काढून मागे बघत होता. पुलाच्या टोकाशी रुळांशेजारी एक माणूस हातात बावटा घेऊन उभा होता. इतक्या खेपा झाल्या, पण सिल्वेस्टरचे डोळे माझ्यावरच खिळलेले असल्यामुळे तो त्याला कधी दिसलाच नव्हता.

“नव्या कामावर गाडी सावकाश न्यायची असते,” धोंडीबा म्हणाला. “मेस्त्री, ती तुमच्या खांबाला रामराम करून जाते, आणि तुम्ही त्यालाच चोर समजलात.”

सिल्वेस्टर हसला नाही. तो बाकावर बसला आणि ओंजळीत तोंड लपवून रडला. मोठा माणूस, सगळ्या डब्यासमोर. सेसिलियाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मला पितळेचा जन्म मिळाला आहे म्हणून, नाही तर मीही रडलो असतो.

कल्याण येईपर्यंत अण्णांनी सगळ्यांना समजावून सांगितले, आणि त्या दिवशी मला माझ्याबद्दल असे काही कळले की जे तांबटालाही ठाऊक नव्हते. मित्रांनो, तुमच्या पुस्तकात हे शब्द येतात, म्हणून माझ्या पद्धतीने सांगतो.

गाडी एका तारेच्या खांबापासून दुसऱ्यापर्यंत किती लवकर पोहोचते, ती तिची चाल. चालीला दिशेची पर्वा नसते. तीच चाल धरून ती ठाण्याकडे जावो की कल्याणकडे, अण्णांचे आकडे तेवढेच होतील. पण सेसिलियाला कल्याणच्या बाजारात जायचे असेल आणि ती ठाण्याच्या गाडीत बसली, तर नुसती चाल काय कामाची? किती जोरात आणि कोणत्या दिशेने, हे दोन्ही मिळून होतो वेग. म्हणून डोंगराच्या वळणावर चाल तीच राहिली तरी वेग बदलला, कारण गाडीची दिशा बदलली.

आणि वेग किती लवकर बदलतो, ते त्वरण. गाडी सुटताना त्वरण असते, थांबताना असते, वळतानाही असते. माझा सगळा संबंध फक्त त्याच्याशी. मला चाल कळत नाही. गाडी उभी असो, रांगत असो की खाडीच्या कडेने भरधाव पळत असो, तिचा वेग बदलत नसेल तर मी सरळ. वेग बदलला की मी झुकतो. मला कोणी ओढत नव्हते. पुलाजवळ गाडी सावकाश झाली, पण मी आधीच्याच वेगाने पुढे निघालेलो होतो. दोरी नसती तर गेलोही असतो. दोरीने मला गाडीचा नवा वेग घ्यायला लावले, आणि तो घेईपर्यंत मी पुढे झुकून राहिलो. टोपलीचे तेच, तांब्यातल्या पाण्याचे तेच, आणि थांबत्या गाडीत पुढच्यावर जाऊन आदळणाऱ्या तुमचेही तेच.

म्हणजे मी खोटा नव्हतो आणि सिल्वेस्टरही नव्हता. मी खरेच सांगत होतो. फक्त तो विचारत होता खांबाबद्दल, आणि मी उत्तर देत होतो गाडीबद्दल.

त्या दिवशी तो साहेबाकडे गेला नाही. कल्याणच्या बाजारात त्याने माझ्यासाठी नवी दोरी घेतली आणि दुसऱ्या दिवशी थापी धुऊन कामावर गेला. अण्णा मास्तर दर साल एकदा मला मागून शाळेत नेत आणि मुलांसमोर टांगून हातगाडीवर फिरवत. मुले ओरडून सांगत, “आता मागे, आता पुढे!” तसे कौतुक मला पुन्हा मिळाले नाही.

पुढे अण्णा गेले. धोंडीबाचा दसरा थांबला. सिल्वेस्टरचे गुडघे धरले आणि त्याने शिडी चढणे सोडले. मी खिळ्यावर धूळ खात पडलो. एक दिवस, अगदी थकल्यावर, त्याने सेसिलियाला म्हटले, “चल गो, एकदा कल्याणला जाऊन येऊ.” तिने विचारले नाही कशाला. त्याने मला बरोबर घेतले. या वेळी ठाण्यापासून खिळ्याला टांगले.

नाला जवळ आला. सवयीने मी पुढे झुकायला तयार झालो होतो. पण गाडी सावकाश झालीच नाही. बावटावाला तिथे नव्हता, किती वर्षांपूर्वी गेला असेल कोण जाणे. गाडी त्याच भरधाव वेगाने पुलावर चढली आणि उतरली. डब्यातले लोक पान खात होते, गप्पा मारत होते, एक बाळ झोपले होते. पूल आला आणि गेला, हे कोणाला कळलेदेखील नाही. मी केसभर हललो नाही.

सिल्वेस्टर माझ्याकडे बघत होता.

“आता कोणी भीत नाय माझ्या खांबाला,” तो म्हणाला.

सेसिलिया म्हणाली, “तुमीच भ्यायलात तेवढे.”

तो हसला. मग त्याने मला मुठीत घेतले, पण कल्याण आल्यावर, मी पुरता थांबल्यावर.

आता मी एका कपाटाच्या खणात असतो, जुन्या किल्ल्या आणि मोडक्या कात्रीच्या शेजारी. माझी दोरी कुजून गेली. दिवाळीच्या सफाईत कोणी मला चिंचेने घासून लखलखीत करते आणि परत खणात टाकते. मित्रांनो, माझे एक मागणे आहे. मला घासू नका. हिरवा पडलो तरी चालेल. फक्त माझ्या माथ्यावरच्या भोकात एक दोरी ओवा आणि तुम्ही कुठे गाडीने निघालात की मला खिडकीशी टांगा. निघतानाच टांगा, भीती वाटते त्या जागेपुरते नको. मी झुकलो तर घाबरू नका, हसू नका आणि मुठीत तर मुळीच धरू नका.

थांबू द्या मला. मग विचारा.